चौदा सुतांचा हिशेब

इंटरनेटला वजन असतं, हे आपल्याकडे कुणालाही एका बैठकीत पटत नाही. वीज दिसत नसली तरी तिचा खांब दिसतो. गॅसची टाकी उचलताना कंबर बोलते. इंटरनेट मात्र हवेतून येतं आणि मोबाइलमध्ये आपोआप झिरपतं, अशी पक्की समजूत आहे. त्यामुळे "नेटवर्कचा स्विच बसवायला चांगला रॅक लागेल आणि तो जमिनीला ठोकावा लागेल" असं मी म्हटलं, की समोरचा माणूस मी रॅक विकणाऱ्याचा मेहुणा असल्याच्या संशयाने बघतो.

सहकारी बँका, साखर कारखाने, कॉलेजं अशा ठिकाणी नेटवर्क उभं करून देणं हा माझा धंदा. कऱ्हाडकडच्या एका नागरी सहकारी बँकेने नव्या मुख्य कार्यालयासाठी बोलावलं, तेव्हा चेअरमनसाहेबांनी चहा यायच्या आतच मुद्द्याला हात घातला.

"आता सगळं क्लाउडवर गेलंय म्हणतात. मग हे लोखंड कशाला?"

क्लाउडसुद्धा ऐरोली-महापेकडे भाड्याने राहतो, हे मी त्यांना सांगितलं. तिथल्या इमारतींत रॅकच्या रांगा उभ्या असतात आणि त्या पेलायला जमीनच वेगळी बांधतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जे रॅक निघालेत, त्यातल्या 72 चिपांच्या एका रॅकचं वजन सुमारे 1,360 किलो भरतं. त्याला थंड ठेवायला नळातून पाणी फिरवावं लागतं.

"म्हणजे बुद्धी जड असते," चेअरमनसाहेब म्हणाले, आणि विषय लगेच कोटेशनकडे वळला.

कोटेशनमध्ये स्विच होता, सर्व्हर होते, यूपीएस होता. या सगळ्या लाखांच्या रकमांवर कुणी भुवई उचलली नाही, कारण त्या यंत्रांचं काम कुणालाच कळत नव्हतं. रॅकचा आकडा मात्र सगळ्यांना कळला. लोखंडी कपाट काय भावाने मिळतं हे प्रत्येक संचालकाला ठाऊक असतं. व्हाइस चेअरमन म्हणाले, "आमचा भाचा फॅब्रिकेशन करतो. एवढ्यात तो दोन देईल, वर गेटला रंग मारून देईल."

भाच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट आदरच आहे. पण रॅकचं गणित हे गेट-ग्रिलचं गणित नव्हे. जगभरच्या रॅकमध्ये बसणाऱ्या यंत्रांच्या पुढच्या पट्टीची रुंदी 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर. हे माप संगणकवाल्यांनी ठरवलेलंच नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत टेलिफोनचे रिले ज्या लोखंडी चौकटींवर चढवायचे, त्या चौकटींचं हे माप. रिले भंगारात गेले, टेलिफोन खिशात आला, पण 19 इंच हलले नाहीत. गायक-वादकांचे अँप्लिफायर, आकाशवाणीची यंत्रं, बँकेचे सर्व्हर, सगळे त्याच मापात नांदतात. उंची मोजायचं एकक म्हणजे 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, 44.45 मिलिमीटर. उभा रॅक साधारण 42 यूंचा.

प्रत्येक यूमध्ये खांबाला तीन भोकं असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. ती सारख्या अंतरावर नसतात. पहिल्यापासून दुसरं 15.875 मिलिमीटरवर, दुसऱ्यापासून तिसरं 15.875 वर आणि तिथून पुढच्या यूचं पहिलं 12.7 वर. पुन्हा तेच, वरपर्यंत. मी भाच्याला व्यवस्थित ड्रॉइंग दिलं होतं.

पंधरा दिवसांनी रॅक आला. दोन एमएमचा पत्रा, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेलं, वर हॅमरटोनचा राखाडी रंग. दिसायला इतका देखणा की शिपायाने त्यावर लगेच चहाचा ट्रे ठेवला. मी एक यूचं पॅच पॅनल लावायला घेतलं. खालचा स्क्रू बसला. वरचा दोन मिलिमीटरने हुकला. दुसरीकडे लावून पाहिलं, तिथेही दोन मिलिमीटर. मग लक्षात आलं की सगळी भोकं अगदी एकसारख्या अंतरावर आहेत.

"ड्रॉइंगमध्ये चूक होती," भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला. "दोन अंतरं मोठी नि एक बारीक. टायपिंगची मिस्टेक असणार. मी दुरुस्त करून घेतली. शिवाय पंधरा पॉइंट आठशे पंचाहत्तर हे काय माप आहे का साहेब? आमच्या पंचमार्कलाच एक एमएम जातो."

मी त्याच्याकडून खडू घेतला आणि फरशीवर लिहिलं: पाच सूत, पाच सूत, चार सूत. एकूण चौदा सूत.

तो क्षणभर बघत राहिला. एका इंचाची आठ सुतं, हे ज्याच्या हातात बसलेलं असतं त्याला दशांश चिन्ह म्हणजे वाटेतला खडा वाटतो. "हे आधी सुतात सांगायचं ना!" तो कळवळून म्हणाला. अमेरिकेतल्या कुठल्याशा टेलिफोन इंजिनिअरचं म्हणणं शंभर वर्षांनी कऱ्हाडच्या एमआयडीसीत पोचलं ते असं. तो देखणा रॅक आज स्टेशनरी विभागात आहे, आणि ठेवी-पावत्यांची पुस्तकं त्यात उत्तम बसतात.

मग रीतसर रॅक मागवायचं ठरलं आणि "कुठला?" या प्रश्नाला सुरुवात झाली. दुकानदाराच्या कागदावर दोन खांबांचा, चार खांबांचा, भिंतीवरचा, उघडा, बंद असे सगळे प्रकार असतात, आणि समितीचं मन नेहमी सर्वांत स्वस्तावर जडतं. दोन खांबांचा रॅक हलक्या स्विचांना आणि पॅच पॅनलला छान. पण आमचा स्विच चेसिस जातीचा होता, 14 यू उंच, त्यात कार्डं सरकवायची, खाली वीजपुरवठ्याची यंत्रं, भरला की क्विंटलच्या घरात जाणारा. असल्या यंत्राला पुढच्या बाजूला दोन पत्र्याचे कान असतात. दोन खांबांच्या रॅकमध्ये सगळं धूड त्या कानांवर लोंबतं. म्हणून चार खांब आणि धुडाच्या बुडाखाली आधाराच्या पट्ट्या. कान आहेत ते यंत्र पुढे सरकू नये म्हणून, भार पेलायला नव्हेत.

खोलीचाही (म्हणजे पुढून मागचं माप, जिथे बसायचं ती खोली नव्हे) असाच घोळ. स्विच आखूड, सर्व्हर लांब. 600 मिलिमीटर खोल रॅक घेतला तर सर्व्हर मागच्या दारातून ढुंगण काढून बसतो. त्यातून वायरी मागे येणार, त्यांना वळायला जागा हवी. आम्ही 800 रुंद, 1000 खोल घेतला. रुंदी जास्त एवढ्यासाठी की बऱ्याच चेसिस स्विचांची हवा एका कुशीतून आत जाते आणि दुसऱ्या कुशीतून बाहेर येते. अरुंद रॅकमध्ये दोन्ही कुशी वायरींच्या जुड्यांनी बुजतात आणि स्विच स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो.

दाराबद्दल व्यवस्थापकांचा आग्रह काचेचा होता. आत निळे-हिरवे दिवे लुकलुकताना पाहुण्यांना दिसले पाहिजेत. मी जाळीचं दार सांगितलं, कारण यंत्राला श्वास लागतो. त्यावर ते म्हणाले की एसी लावलाच आहे. बंद काचेबाहेरचा एसी यंत्राला कसा पुरायचा हे पटवण्यात एक दुपार गेली. रॅकच्या कुलपाबद्दल मात्र मी गप्प राहिलो. एका रॅकची किल्ली बहुधा शेजारच्या दहा रॅकना लागते, आणि बँकेत हे मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

रॅक टेंपोतून उतरला आणि लिफ्टपाशी आला. लिफ्टमध्ये पाटी होती: आठ व्यक्ती, 544 किलो.

"आठ माणसांची लिफ्ट आहे," चेअरमन म्हणाले, "आणि रॅक तर एकच आहे."

42 यूंचे होतात 1,867 मिलिमीटर. वर डोकं, खाली पाय धरला की रॅक दोन मीटरचा होतो, आणि लाकडी पॅलेटवर बसून आला की त्याहून उंच. लिफ्टचं दार दोन मीटरचं. आडवा करायचा तर लिफ्ट तेवढी खोल नाही. शेवटी जिना. बाजार समितीतून हमालांची टोळी बोलावली. माथाडी कायदा 1969 चा, पण जिन्याच्या वळणावरचं शास्त्र त्याहून कितीतरी जुनं. मुकादमाने रॅकभोवती एक चक्कर मारली, एका कोपऱ्याला धरून बोटभर कलवला आणि वजन सांगितलं. कंपनीच्या कागदातल्या आकड्यापासून ते फार लांब नव्हतं. वजनावर श्रद्धा असलेला हा मला भेटलेला पहिला माणूस. वर पोचल्यावर त्याने विचारलं, "ह्याच्यात अजून माल भरणार का? मंग ही फरशी कुनाला दावली का?"

हा प्रश्न खरं तर आर्किटेक्टने विचारायचा. घरांसाठी जमिनीवर धरायचा भार भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 200 किलो, कार्यालयांसाठी 250 ते 400. आता आमचा हिशेब बघा. रिकामा रॅक सव्वाशे किलो. स्विच क्विंटलच्या घरात. चार सर्व्हर मिळून आणखी एक क्विंटल. यूपीएसच्या 42 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या एकेक तेरा-चौदा किलोच्या, अशा सोळा. किरकोळ धरून सहाशे किलो, आणि पायाखाली जागा 0.8 चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला साडेसातशे. स्लॅब काही लगेच खाली येत नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण तो कुठे आणि किती वाटला जातो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायचं असतं, नारळ फोडणाऱ्याने नव्हे. आमच्या इंजिनिअरने रॅक खोलीच्या मधून काढून तुळईच्या अंगाला, खांबाजवळ नेला आणि बॅटऱ्यांना भिंतीलगत वेगळं स्टँड दिलं. ते स्टँड आणि रॅकखालची चॅनेलची चौकट भाच्यानेच केली. मापं सुतात दिली होती. केसभर फरक पडला नाही.

आता ठोकायची वेळ आली. चेअरमन म्हणाले, "चाकं आहेत की त्याला! एवढी चांगली चाकं आणि तुम्ही बोल्ट काय मारताय?"

रॅकची चाकं ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी फसवणूक आहे. ती रिकामा रॅक जागेवर न्यायला दिलेली असतात. एकदा जागेवर आला की पाय खाली सोडायचे, पाणलेव्हल लावून समतोल करायचा आणि चाकांवरचा भार काढून घ्यायचा. कंपनीच्या कागदात भाराचे दोन आकडे असतात: उभ्या रॅकवर किती आणि ढकलताना किती. दुसरा नेहमी कमी असतो, आणि छापतात तोही बारीक अक्षरात. एका ऑफिसात छोटा रॅक चाकांवरच ठेवलेला होता. सफाईवाल्या मावशी रोज फडका मारताना तो हातभर सरकवायच्या आणि हातभराला दोन बोटं कमी एवढा परत ढकलायच्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभराने फायबरची वायर तारेसारखी ताणली गेली आणि एका सकाळी सगळी शाखा बंद. शोधाशोध झाली, दिल्लीच्या हेल्पडेस्कला फोन झाले, आणि मावशी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "खाली लई कचरा असतोय ओ."

ढकलण्यापेक्षा ओढणं वाईट. सर्व्हर सरकत्या रेलवर बसतात, खणासारखे पुढे येतात. एक बाहेर काढला तर चालतं. दुसऱ्या एका ठिकाणी विक्रेत्याच्या तरुण इंजिनिअरने रेल किती मऊ सरकते हे दाखवायला वरचे तीन एकदम बाहेर ओढले. रॅक ठोकलेला नव्हता. त्याने सावकाश पुढे वाकून सर्वांना नमस्कार केला. तिथल्या व्यवस्थापकांनी नोकरीत पहिल्यांदा हार्डवेअरला हात लावला तो त्या दिवशी, दोन्ही हात आणि एक खांदा.

तरीही बोल्ट म्हटलं की लोक दचकतात. नवी फरशी, ग्रॅनाइटसारखी चमकणारी, तिला भोक पाडायचं? चार कोपऱ्यांत एम-12 चे अँकर फास्टनर, सव्वाशे मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये 75 मिलिमीटर खोल. खाली सळई लागली तर जागा बदलायची, आतून वायरीची नळी गेली नाही ना ते बघायचं. हे सगळं यंत्रं आणायच्या आधी करायचं, कारण काँक्रीटची धूळ स्विचच्या पंख्यात गेली की ती पुन्हा बाहेर येत नाही. संचालक मंडळात यावर चांगला तासभर खल झाला. एक संचालक म्हणाले, "आता कुठे भूकंप होतायत?"

कोपऱ्यात आप्पा बसले होते, मंडळातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. ते ठरावावर सही करतात, बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"11 डिसेंबर 1967. पहाटेचं सगळी झोपली हुती. आमच्या घरात आईची उतरंड हुती, माजघरात. सगळी मडकी खाली आली. तळाचं रांजण तेवढं ऱ्हायलं. का ऱ्हायलं? मोठं हुतं आन् जमिनीत हातभर पुरल्यालं हुतं."

मंडळ गप्प झालं. मी संधी साधून किल्लारीचं सांगितलं: 30 सप्टेंबर 1993 ला तिथे भूकंप झाला तेव्हा नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंजचे रॅक सामानासकट हलत्या टेबलावर ठेवून त्यांची भूकंपाची परीक्षा घेतात, हेही सांगितलं. पण ते कुणी ऐकलं नाही. आप्पांच्या रांजणाने ठराव आधीच मंजूर केला होता.

त्याच रांजणाच्या जोरावर मी दुसरीही गोष्ट पदरात पाडून घेतली. जड सामान तळाला, हलकं वर. चेअरमनना सर्वांत महागडा स्विच डोळ्यांच्या पातळीवर हवा होता ("एवढे पैसे घातले ते काय वाकून बघायचे?"). मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. स्विच खाली गेला, त्यावर सर्व्हर, सर्वांत वर पॅच पॅनल. रॅकच्या चौकटीला हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर जोडली. मोकळ्या यूंवर आंधळ्या पट्ट्या लावल्या, नाहीतर गरम हवा पुढे फिरून येते आणि शिवाय शिपाई त्या फटीत रजिस्टरं ठेवतो.

लावणारी पोरं दोन दिवस केज नटांशी झुंजली. चौकोनी भोकात स्प्रिंगची पकड दाबून हा नट बसवायचा असतो, आणि तो बसताना अंगठ्याचं काहीतरी घेऊन जातो. त्यासाठी एक वाकडं हत्यार मिळतं, पण ते नेहमी दुसऱ्या साइटवर असतं. शेवटचे चार नट फॉल्स सीलिंगच्या शिडीखाली सापडले. तिथे ते कसे गेले हे विचारायचं नसतं.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी दालनं बघितली, तिजोरी बघितली, मग सर्व्हर रूममध्ये आले आणि पहिला प्रश्न केला: "याचं वजन किती?"

मुकादम आणि आप्पांनंतर वजनावर श्रद्धा असलेला हा तिसरा माणूस. मी सगळा हिशेब सांगितला. त्यांनी गंभीरपणे ऐकला. जड वस्तू नैऋत्येला हवी, विद्युत उपकरण आग्नेयेला हवं, आणि हा रॅक दोन्ही असून उभा होता ईशान्येला, कारण खांब, एसी आणि अर्थिंगचा खड्डा तिकडेच होते. हलवा म्हणाले. मी फरशीतले चार बोल्ट दाखवले. ते खाली वाकले, एका बोल्टला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "छान बसवलंय. आता याला उपायच करावा लागेल."

उपाय म्हणजे तांब्याचा एक पिरॅमिड. रॅकच्या डोक्यावर, बरोबर मधोमध ठेवायचा. किंमत चारही फास्टनरच्या कितीतरी पट होती आणि ती कोटेशनशिवाय मंजूर झाली. वजन विचारलं तर साठ ग्रॅम. सर्वांत हलकं सर्वांत वर, म्हणून तांत्रिक बाजूने माझा काही आक्षेप नव्हता. फक्त हा हलता कामा नये, असं त्यांनी दोनदा बजावलं. हलला तर उलटा परिणाम होतो.

मी दुहेरी टेपने चिकटवतो म्हणालो. रॅकच्या छताला ड्रिल लावलं तर लोखंडाचा कीस खाली सर्व्हरमध्ये पडेल.

चेअरमनसाहेब खुर्चीतून उठलेच. "टेप? अहो, एवढी मोलाची वस्तू, उद्या भूकंप झाला म्हणजे? बोल्ट मारा!"